शाळेपुरती मम्मी

पोराला शाळेत घालायचं आणि परीक्षा घ्यायची आईची, हा न्याय कुणी काढला देव जाणे, पण दोन हजार एक साली कोथरुडात तो अगदी जोरात चालू होता. मूल साडेतीन वर्षांचं, अजून नाक पुसायला शिकतंय. त्याला दोन रंग विचारायचे, एक गोळी द्यायची आणि मग वळायचं आईबापांकडे. तुम्ही काय करता, आमचीच शाळा का, घरात कोणती भाषा बोलता? सगळं इंग्रजीत, आणि उत्तरंही इंग्रजीतच हवीत. बाप अडखळला तर चालून जायचं, बापांना कामं असतात म्हणे. आई अडखळली की कारभार आटोपला. शेजारच्या इमारतीतल्या सुंदराबाईंची सून मुलाखतीत घामाघूम होऊन नुसती हसत बसली, आणि शाळेच्या फाटकावर नावं लागली त्यात तिच्या पोराचं नाव नव्हतं. सुंदराबाई अख्ख्या सोसायटीला सांगत सुटल्या की नातू हुशार आहे हो, सुनेनं घात केला.

ते ऐकलं आणि मुक्ताईची पाचावर धारण बसली. कारण पुढच्या वर्षी तिच्या शेफालीचा नंबर होता.

मुक्ताई लातूरकडची, औशाजवळच्या खेड्यातली. दहावीपर्यंत शिकलेली, पण मराठी शाळेत. इंग्रजी पाचवीपासून, आणि तेही गुरुजी मराठीतूनच शिकवायचे. लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा नवरा उत्तरेश्वर भोसरीच्या कारखान्यात फिटर होता. त्याचा धाकटा भाऊ संतोष कॉम्प्युटर इंजिनिअर झाला. दोघा भावांनी मिळून कोथरुडात तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला, आणि मग संतोषला कंपनीनं अमेरिकेला धाडलं. त्याची बायको श्रद्धा इथंच राहिली, कारण तिचीही हिंजवडीला नोकरी होती. नारायण पेठेत वाढलेली, नन्सच्या शाळेत शिकलेली पोरगी. फोनवर साहेबाशी इंग्रजी बोलायला लागली की मुक्ताई कणीक मळायची थांबून ऐकत राहायची. वाईट नव्हती हं श्रद्धा. उलट गुणाची होती. मोठ्या जावेला 'ताई' म्हणायची, रविवारी भांडी घासू लागायची, आणि शेफालीचं नावसुद्धा तिनंच हौसेनं ठेवलं होतं.

मुक्ताईला हेवा वगैरे नव्हता. तिला हवं होतं ते एवढंच, की शेफालीचा हात धरून आपण त्या फाटकातून आत जावं, खुर्चीत ताठ बसावं आणि आपल्या लेकीसाठी आपल्या तोंडानं चार वाक्यं बोलावीत. सुंदराबाईंच्या सुनेसारखं हसत बसायचं नाही. मग ती कंबर कसून कामाला लागली.

झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत श्रीनिवास सर दुपारी शिकवायचे. शाळेतून निवृत्त झालेले, धोतर-कोट नव्हे, इस्त्रीचा बुशशर्ट, आणि जीभ अशी की पहिल्या दिवशी दोन बायका रडून गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

"इंग्रजी येत नाही म्हणून आलात, की येतं असं वाटतं म्हणून?" त्यांनी मुक्ताईला विचारलं. "दुसरं असेल तर मी असमर्थ आहे."

"काहीच येत नाही, सर."

"उत्तम. म्हणजे पुसायचं काही नाही. बसा."

आणि काय शिकवायचे हो सर! शब्द पाठ करून घेणं नाही, पोपटपंची नाही. ते म्हणत, वाक्य हातात आलं की आधी क्रियापद शोधा. क्रियापद एकच असेल तर वाक्य साधं, म्हणजे सिंपल. एक माणूस, एक काम, मिटलं. दोन साधी वाक्यं मध्ये 'अँड' किंवा 'बट' घालून जोडली की कंपाउंड.

"कंपाउंड म्हणजे एका घरातल्या दोन जावा," सर म्हणाले. "दोघी आपापल्या पायांवर उभ्या. मध्ये 'अँड' नावाची सासू. सासू काढून घेतली तरी दोघींचं व्यवस्थित चालतं. किंबहुना जास्त व्यवस्थित चालतं."

बायका खो खो हसल्या. मुक्ताई हसली नाही, लिहून घेत होती.

"आणि कॉम्प्लेक्स?" तिनं वहीतून मान वर करून विचारलं.

"त्यात एक वाक्य मुख्य, दुसरं त्याच्या आधारानं आलेलं. 'बिकॉज'नं सुरू होणारा तुकडा घ्या. 'बिकॉज आय वॉज इल', एवढंच बोलून तुम्ही गप्प बसलात तर समोरचा तुमच्याकडे बघत राहील. म्हणेल, बाई, आजारी होतात, मान्य, पण पुढे काय?"

मुक्ताईला त्या वाक्यांचं अक्षरशः वेड लागलं. तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं की भाषा अशी उलगडून बघता येते, शिवण उसवून ब्लाउज कसा बेतलाय ते बघावं तशी. कुकरची शिट्टी होईपर्यंत एक सिंपल, दुसरी होईपर्यंत त्याचं कंपाउंड. टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीतलं वाक्य आलं की पोळी तव्यावर करपली तरी बेहत्तर, आधी क्रियापद. शेफाली जेवायला बसली की तिच्यावरच प्रयोग. शेफाली इज ईटिंग. शेफाली इज ईटिंग बट शी इज नॉट ईटिंग भाजी. आणि मग एके दुपारी वर्गात तिनं जोडून दाखवलं, "शेफाली इज नॉट ईटिंग भाजी बिकॉज इट इज व्हेरी तिखट."

"तिखटाला इंग्रजीत शब्द आहे," सर म्हणाले, "पण तुमच्याकडच्या तिखटाला तो पुरेल असं वाटत नाही." मग चष्मा वर करून म्हणाले, "वाक्य मात्र चोख आहे. अगदी चोख."

पुणेरी माणसाच्या तोंडून 'चोख' म्हणजे केवढं कौतुक, ते पुण्यात राहिलेल्यालाच कळायचं. मुक्ताई घरी हवेत तरंगत गेली.

दिवाळी झाली तसे सर सगळ्यांची खोटी मुलाखत घेऊ लागले. स्वतः मुख्याध्यापिका व्हायचे आणि नाक वर करून विचारायचे. बाकीच्या बायका पाठ केलेलं म्हणायच्या, शिस्त, संस्कार, ऑल राउंड डेव्हलपमेंट. मुक्ताईची पाळी आली.

"आमच्याच शाळेत मुलीला का घालायचं आहे तुम्हाला?" सरांनी इंग्रजीत विचारलं.

ती थांबली. ती नेहमी थांबायचीच, आधी क्रियापद, मग कर्ता, मग जोड. मग हळू पण न अडखळता म्हणाली, "आय वाँट टु सेंड हर टु युवर स्कूल बिकॉज आय डू नॉट वाँट हर टु बी अफ्रेड लाइक मी." माझ्यासारखं भिऊन राहावं लागू नये म्हणून.

सरांनी खडू खाली ठेवला.

"हे वाक्य मी शिकवलेलं नाही," ते म्हणाले. "हेच बोला तिथे. शब्दही बदलू नका."

मुलाखतीला आठवडा राहिला असेल नसेल, तेव्हा माशी शिंकली. उत्तरेश्वरच्या कारखान्यात ज्ञानदेव नावाचा त्याच्या बरोबरीचा फिटर होता. त्याच्या बायकोनंही क्लास लावला होता म्हणे, सगळं तोंडपाठ होतं, आणि शाळेनं भलतंच काहीतरी विचारलं तशी बाईची वाचाच बसली. पोरगं बसलं आता महापालिकेच्या शाळेत. उत्तरेश्वर हे ऐकून घरी आला तो तोंड उतरवूनच. बूट काढले नाहीत, पाणी घेतलं नाही, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यानं आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मुक्ताईला प्रश्न टाकला, "व्हॉट यू डू होल डे?"

मुक्ताई थांबली. क्रियापद शोधू लागली.

"बघ! बघ किती वेळ लागायलाय!"

"अहो, विचार करून बोलते मी."

"तिथं विचार करायला वेळ देत नसतेत." तो खाली बसला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "श्रद्धाला न्यावं म्हणतो मी."

"न्या की. पण तिघं चालतात का तिथं?"

"तिघं नाही, मुक्ते. तुझ्या जागी."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातलं उलथनं तसंच राहिलं.

"माझ्या जागी म्हणजे? शेफालीची आई म्हणून?"

"अगं, दहा मिनिटांचं काम. कागदावर नाव तुझंच राहील. तिनं फक्त जाऊन बोलायचं. तिथं कुणाला काय ठाऊक तू कोण अन् ती कोण?"

"पोटात श्रद्धानं वागवली व्हय तिला?" मुक्ताईचा आवाज चढला. लग्नानंतर पहिल्यांदाच एवढा चढला असेल. "वर्षभर मी काय झक मारली? सर म्हणाले, चोख बोलते मी. आमच्या सरांना विचारा, नाहीतर श्रद्धाला विचारा. मी नाही ऐकणार. माझ्या लेकीसाठी मी बोलणार!"

उत्तरेश्वर काही राक्षस नव्हता. तो भ्यालेला माणूस होता, आणि भ्यालेल्या माणसाला नेमकं कुठं मारायचं ते बरोबर सापडतं.

"बोल," तो हळू म्हणाला. "पण नाही लागलं नाव, तर उद्या मोठी होऊन पोरगी विचारल, आई, कुणामुळं? तेव्हा काय सांगशील?"

झालं. मुक्ताईचं सगळं बळ तिथंच संपलं. सुंदराबाईंची सून तिच्या डोळ्यांसमोर आली, अजूनही सोसायटीत खाली मान घालून जाणारी. बिचारीनं उलथनं खाली ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले.

गंमत बघा, श्रद्धा तयार नव्हती. "दादा, हे बरोबर नाही," ती म्हणाली. "ताई छान बोलतात. मी ऐकलंय, किचनमध्ये एकट्याच बोलत असतात." तेव्हा तिची समजूत घालायची वेळ कुणावर आली? मुक्ताईवरच! आपल्याच जागेवर बस म्हणून दुसरीच्या हातापाया पडायचं, याहून वाईट ते काय असतं बाईच्या जन्मात? पण पडली. म्हणाली, "पोरीसाठी कर, श्रद्धा. माझं काय एवढं."

रविवारी दुपारी दोघी समोरासमोर बसल्या. आई व्हायचं तर आईला माहीत असतं ते माहीत हवं.

"गोवर कधी आला होता?" श्रद्धानं विचारलं.

"दीड वर्षाची असताना. रात्रभर मांडीवर होती."

"काय आवडतं खायला?"

"वरणफळं. पण तिथं सँडविच सांग. झोपताना माझा अंगठा धरते, ते सांगू नको."

मुक्ताई सांगत होती आणि श्रद्धा तिथल्या तिथं इंग्रजी करून म्हणत होती, फटाफट, कुठंही न थांबता. आपल्या मांडीवरची ती रात्र दुसरीच्या तोंडून इतकी सुरेख ऐकून मुक्ताईला बरंही वाटलं आणि आत काहीतरी तुटलंही. शेवटी तिनं आपलं ते वाक्य दिलं. 'भिऊन राहावं लागू नये म्हणून'वालं.

श्रद्धा ऐकून घुटमळली. "ताई, हे फार सुंदर आहे. पण मी कसं म्हणू? 'लाइक मी' म्हटलं तर ते विचारतील, तुम्ही कशाला घाबरता? मी तर कंपनीत... म्हणजे..."

"खरंच की," मुक्ताई म्हणाली. "तुला नाही शोभायचं. ऑल राउंड डेव्हलपमेंट म्हण."

मग शेफालीला मध्ये बसवलं. ही कोण? काकू. नाही, शाळेत मम्मी म्हणायचं. शेफालीनं एकदा श्रद्धाकडे पाहिलं, एकदा मुक्ताईकडे. "मग ही?" "ही आई. पण घरातली. शाळेत आई म्हणायचं नाही कुणाला, काय?" उत्तरेश्वरनं बोट उगारून बजावलं. पोरीला तो खेळ वाटला. संध्याकाळपर्यंत मम्मी, मम्मी करत ती श्रद्धाभोवती पिंगा घालत होती, आणि सगळे हसत होते. मुक्ताईसुद्धा हसली.

मुलाखतीच्या दिवशी श्रद्धाला साडी नेसवली ती मुक्ताईनंच. त्या पोरीला पंजाबी ड्रेसची सवय, निऱ्या काही जमेनात. मुक्ताईनं गुडघ्यावर बसून निऱ्या सारख्या केल्या, पिना लावल्या, पदर काढून दिला. तिघं रिक्षात बसली. शेफालीनं हात हलवला. मुक्ताई गॅलरीत उभी राहिली आणि रिक्षा वळल्यावरही तशीच उभी राहिली, कारण घरात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

नाव लागलं. पहिल्या यादीतच लागलं! उत्तरेश्वरनं पेढे आणले, एक देवापुढे ठेवला, आणि पुढचा श्रद्धाच्या हातावर. "तुझ्यामुळं झालं, पोरी," तो म्हणाला. मुक्ताई पाण्याचे पेले भरत होती. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हो, तेच तर वाईट.

दोन दिवसांनी ती सरांना पेढे द्यायला गेली. सरांनी पेढा घेतला, आणि एरवी कामापुरतंच बोलणारा तो माणूस म्हणाला, "बसा. सगळं सांगा. पहिला प्रश्न काय होता?"

मुक्ताई बसली. खरं सांगावं असं ओठांवर आलं होतं, पण सरांचा चेहरा इतका खुलला होता की धीर होईना. मग ती सांगत गेली. मॅडमनी हे विचारलं, मी असं म्हणाले. त्यांनी ते विचारलं, मी 'बट' घालून उत्तर दिलं. आणि ते वाक्य? तेही म्हणाले, सर, शब्द न बदलता. न झालेली मुलाखत तिनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत इंग्रजीत सांगितली, आणि कुठंही थांबली नाही. क्रियापद शोधावंच लागलं नाही.

"शाबास," सर म्हणाले. मग चष्मा पुसत बसले. "चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. आई स्वतः पास होऊन पेढा द्यायला आली, असं पहिल्यांदा झालं."

ती बाहेर आली आणि झेरॉक्सच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहून हमसून हमसून रडली. त्यानंतर वर्गाला ती गेली नाही.

दहा मिनिटांचं काम म्हणे! एकदा बसवलेली मम्मी उठवणार कशी? जुलैत पालकसभा आली, श्रद्धा गेली. गॅदरिंग आलं, श्रद्धा गेली. शाळेच्या डायरीत श्रद्धा सही करायची, मुक्ताईच्या नावाची. हिंजवडीहून रजा काढून धावत यायची बिचारी, आणि दर वेळी म्हणायची, "दादा, सांगून टाकू या ना आता, काय फाशी देतील?" उत्तरेश्वर कानांवर हात ठेवायचा. खोटं सांगून घेतलं म्हणून पोरीला काढून टाकतील, मग कोणती शाळा दारात उभी करेल? मुक्ताईही म्हणायची, नको, राहू दे, चाललंय ते बरं चाललंय.

आणि चाललं होतंही बरं. शेफालीला न्यायला-आणायला भैरूकाकांची रिक्षा होती, त्यामुळे मुक्ताईला फाटकापर्यंत जावं लागत नसे. दुपारी शेफाली घरी आली की दप्तर फेकून तिच्या गळ्यात पडायची, आई, आई करून घर डोक्यावर घ्यायची. गृहपाठ मुक्ताईच घ्यायची. पोरीच्या इंग्रजी पुस्तकांतून तीही पुढं पुढं शिकत होती, आणि शेफालीनं लांबलचक वाक्य म्हटलं की मुद्दाम विचारायची, यात क्रियापदं किती गं? शेफाली बोटांवर मोजायची. तेवढा एक तास मुक्ताईचा होता, तिथं कुणी मम्मी येत नव्हती. तिला वाटायचं, असू दे. शाळा श्रद्धाची, पोरगी माझी.

शेफाली पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. दुपारी फोन वाजला. भैरूकाका. "ताई, क्लचची वायर तुटली बघा. बाकी पोरांच्या घरी सांगितलंय. तुमची तेवढी घेऊन जा, पोरगी फाटकाशी थांबली आसंल."

श्रद्धाला हिंजवडीहून यायला तास गेला असता. उत्तरेश्वर भोसरीत. मुक्ताईनं हात धुतले, अंगावरच्या घरच्या साडीचा पदर सावरला, पायांत चपला सरकवल्या आणि निघाली ती जवळजवळ पळतच. वाटेत तिला दुसरं काही सुचत नव्हतं, पोर एकटी उभी असेल एवढंच.

फाटकाशी गर्दी ओसरली होती. शेफाली होती, आणि तिचा हात धरून तिच्या वर्गाच्या बाई उभ्या होत्या. तरुण होत्या, चेहरा मायाळू होता. अनोळखी माणसाच्या ताब्यात पोर द्यायचं नाही हा शाळेचा नियम, आणि तो त्या पाळत होत्या. यात त्यांचं काय चुकलं?

मुक्ताईला बघून शेफालीचा चेहरा उजळला. तोंड उघडलंही तिनं, आणि मिटलं.

"शेफाली," बाईंनी विचारलं, "डू यू नो हर? हू इज शी?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला शाळा नको होती, नाव नको होतं, काही नको होतं. आई म्हण, सोनू. एकदा म्हण. मग काढून टाकू देत, घालीन मी तुला दुसरीकडे, शिकवीन मी घरी. पोरीनं एकदा हाक मारावी आणि तिनं आपलं ते सगळं इंग्रजी, तीन वर्षांचं साठलेलं, त्या बाईंपुढे ओतून मोकळं व्हावं.

शेफाली थांबली. कपाळावर बारीकशी आठी घालून विचार केला तिनं. मग बाईंकडे मान वर करून, हळू पण न अडखळता म्हणाली, "शी इज अवर मावशी. शी वर्क्स इन अवर हाऊस व्हेन मम्मी इज इन ऑफिस."

हे पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. घरात कुणाच्या तोंडून असलं काही कधी निघालं नव्हतं. तिचं तिनं जोडलं होतं.

मुक्ताईला इंग्रजी आलं नसतं तर किती बरं झालं असतं! आलं नसतं तर पोर काहीतरी गोड बोलली एवढंच समजून ती हसली असती. पण तिला एकूण एक शब्द कळला.

"व्हेरी गुड, डिअर," बाई म्हणाल्या, आणि मुक्ताईकडे वळून मराठीत, जरा मोठ्यानं बोलल्या, "मावशी, पुढच्या वेळी मॅडमना चिठ्ठी द्यायला सांगा हं. आणि त्यांना सांगा, मुलगी वर्गात सगळ्यात छान इंग्रजी बोलते. घरी आई बोलते ना तिच्याशी, ते लगेच कळतं."

फाटक उघडं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, साधं, एका क्रियापदाचं. ते तिला येत होतं.

मुक्ताईनं शेफालीकडे पाहिलं. पोर डोळे मोठे करून तिच्याकडे बघत होती. बाबांचं उगारलेलं बोट आठवून भेदरलेली.

"हो," मुक्ताई म्हणाली. "सांगते मॅडमना."

तिनं दप्तर आपल्या खांद्याला अडकवलं आणि शेफालीला घेऊन निघाली. शाळा दिसेनाशी झाली तशी शेफालीनं तिचा हात गच्च धरला.

"आई, मी बरोबर बोलले ना? आई नाही म्हटलं मी. बाबा म्हणाले होते ना, शाळेत नाही म्हणायचं."

मुक्ताई फुटपाथवर खाली बसली. पोरीचे केस कपाळावर आले होते, ते मागं केले.

"बरोबर बोललीस, बाळा," ती म्हणाली. "एकही चूक नाही."